ट्रेव्हररावांची खोली

पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, "या, बसा, कोट काढा." आमच्या शेजारचे वझेकाका म्हणतात, "या, बसा, कोट राहू दे." जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्यांच्या हॉलमध्ये बसलं की बोललेला प्रत्येक शब्द वाफ होऊन बाहेर पडताना दिसतो. काका स्वतः दोन स्वेटर, वर जाकीट आणि डोक्याला माकडटोपी अशा थाटात समोर बसतात. मग खिशातून थर्मामीटर काढून टीपॉयवर ठेवतात. "आपण उगाच थंडी थंडी करतो गं. आकडा काय म्हणतो ते बघावं." आकडा अकरा म्हणत असतो. काका समाधानानं मान डोलावतात आणि आपण चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतो.

बरं, हा माणूस आहे कोण? तर एअर कंडिशनिंगचा इंजिनियर! जन्म दापोलीचा, शिक्षण मुंबईत, आणि आता इथं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या ऑफिसांत लोकांना उबेत बसवायचा पगार घेतात. लोकांच्या खोल्या अर्ध्या डिग्रीपर्यंत बिनचूक, आणि स्वतःचा हीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात. लग्न केलं नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं. मी विचारतेच, माझं तोंड तसं आहे. तर म्हणाले, "एक साइट संपली की करू म्हणत होतो मेधा. साइट संपेचना." कंजूष म्हणावं तर तेही नाही. गणपतीत अख्ख्या रस्त्याला उकडीचे मोदक घालणाऱ्या माणसाला कंजूष कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यामुळे हीटरचं कोडं मला काही सुटत नव्हतं.

काकांचा लाडका शब्द म्हणजे 'सर्व्हिस क्लिअरन्स'. मशीन बसवताना त्याच्यासमोर माणसाला उभं राहायला, हात घालायला मोकळी जागा सोडतात, तिला म्हणे असं म्हणतात. काका ही जागा घरभर सोडतात. सोफा भिंतीपासून हातभर पुढे, फ्रिजमागून आपण आरामात फिरून यावं. "जिथं माणूस पोचत नाही तिथं काही बसवून उपयोग काय?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी त्यावर मनसोक्त हसून घेतलेलं आहे.

काकांच्या पलीकडच्या घरात शर्ली राहायची. ऐंशी कधीच ओलांडलेली, एकटी, काटक गोरी बाई. काका आमच्या या अवोन्डेल उपनगरात राहायला आले त्याच आठवड्यात तिनं कुंपणावरून पिशवीभर लिंबं दिली. काकांनी त्याचं लोणचं घालून बरणी परत केली. शर्लीला वाटलं मार्मालेड. तिनं ते टोस्टवर जाडसर थापून खाल्लं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी कुंपणावर ठेवून म्हणाली, "मक, अजून आहे का रे?" काकांचं नाव मुकुंद, त्याचं मक तिनंच केलं. तेव्हापासून लिंबं इकडे आणि लोणचं तिकडे, हे कधी थांबलं नाही.

गेल्या जूनमध्ये शर्ली घरामागच्या ओल्या लाकडी डेकवरून घसरली आणि खुबा मोडला. अँब्युलन्सवाले तिला उचलत होते तरी ती ओरडत होती, "मक! ट्रेव्हर! ट्रेव्हरला बघ!"

ट्रेव्हर म्हणजे तिचं कासव. साधं नव्हे, बॉक्स टर्टल. याच्या पोटाखालच्या कवचाला बिजागरी असते. काही मनाविरुद्ध झालं की साहेब हातपाय, मान आत घेतात आणि डब्याचं झाकण लावावं तसे स्वतःला बंद करून टाकतात. काळपट पाठीवर पिवळे फराटे, डोळे लाल, चेहरा रिटायर्ड हेडमास्तरांचा. काकांनी त्याला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, आणि त्या दिवसापासून त्याचा उल्लेख 'ट्रेव्हरराव' असा सुरू झाला.

ट्रेव्हररावांनी आल्या आल्या झाकण लावलं ते उघडेचनात. "थंडी आहे काका," मी म्हटलं. "आकडा काय म्हणतो?" काकांनी थर्मामीटर काढलं, आकड्याकडे बघितलं, कासवाकडे बघितलं आणि कपाटातून हीटर काढला. अहो, मी तिथं उभी होते! पिशवीची गाठ इतकी जुनी की कात्रीनं कापावी लागली.

मग मागची खोली म्हणजे एक साइटच झाली. रविवारच्या बाजारात काका सामोआ बेटांवरच्या एका नारळवाल्या बाईपुढे उभे राहून म्हणाले, "नारळ नकोत, सोलून टाकलेली सालं द्या." ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघायला लागले. पण दापोलीच्या माणसाला काथ्या काय शिकवायचा? सालं भिजत घातली, कुटली, पिंजली, मातीत मिसळली, वर सुका पाला पसरला. मोठ्या लाकडी पेटीत हा सगळा बिछाना. एका टोकाला उन्हासारखा दिवा, तिथं आकडा तीस. दुसऱ्या टोकाला सावली, आडोशाला अर्धी कापलेली कुंडी, तिथं आकडा बावीस. मध्ये उथळ पाण्याची परात. शिवाय हवा दमट हवी, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारणी. या शहरात जो तो घरातली ओल घालवायला मशीन विकत घेतो. पदरमोड करून ओल वाढवणारा माणूस मी हा एकच पाहिला.

एक मात्र खटकायचं. पेटी बसवली होती टेबलावर, आणि पुढच्या बाजूला मध्येच एक मोठी खाच घेतलेली. तिथली फळी बुटकी, टेबलाचा पाय आत सरकवलेला, खाली सगळं पोकळ. आधी अशी नव्हती, एक शनिवार खर्ची घालून काकांनी चांगली पेटी कापली. "अहो, एवढी जागा का फुकट घालवली?" मी विचारलं. "सर्व्हिस क्लिअरन्स," काका म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना ही खोली दाखवायला नेलं. त्यांनी दारातच चपला काढल्या, पेटीपाशी गेल्या, आणि देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला करतात तसा वाकून नमस्कार केला. इथवर ठीक होतं. पण मी काकांशी बोलतेय तोवर पर्समधून कुंकवाचा करंडा निघाला. "आजी!" काका किंचाळले. माणूस किंचाळू शकतो हे मला नवीनच होतं. "त्याच्या पाठीला काही लावायचं नाही! ते हाड आहे त्याचं!" सासूबाईंनी शांतपणे करंडा मिटला. "बरं, नैवेद्य तरी काय असतो?"

खरी गोम तिथंच होती. ट्रेव्हरराव जेवत नव्हते.

शर्लीला काकांनी हॉस्पिटलात विचारलं होतं, काय खातो हा? ती म्हणाली होती, "काहीही खातो रे. पालेभाजी, स्ट्रॉबेरी आणि थोडे किडेबिडे." काकांनी पालेभाजी आणि स्ट्रॉबेरी ऐकलं. पुढचं ऐकलंच नाही. या घरात कधी अंडं आलेलं नाही, बिस्किटाचा पुडा घेतानाही काका मागची बारीक अक्षरं वाचतात. पुस्तकं आणून कासवाविषयी सगळं वाचलं, पण आहाराचं पान आलं की म्हणे चष्मा पुसायला उठायचे. लाल भोपळा किसून झाला, मूग भिजवून झाले, मश्रूम झाले, पनीर झालं. झाकण बंद. एकादशीला तर रताळं उकडून ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

या सगळ्यावर कडी म्हणजे शेवया. एके संध्याकाळी गेले तर काका पेटीवर वाकलेले, हातात चिमटा, चिमट्यात उकडलेली तांदळाची शेवई, आणि ती ते हळूहळू वळवळवतायत.

"काका, हे काय?"

"हालचाल पाहिजे त्याला. हालचालीचंच आकर्षण असतं. पदार्थ कुठला का असेना."

ट्रेव्हररावांनी एक डोळा उघडला, शेवईकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि खट्टकन झाकण लावलं. मी हसून हसून भिंतीला टेकले. काका मात्र हसले नाहीत. चिमटा खाली ठेवून म्हणाले, "मेधा, शर्लीला रेस्टहोममध्ये हलवलंय. घरी काही येत नाही आता ती. घर विकायला काढलंय मुलानं."

मला हे माहीत नव्हतं. माझं हसू जागच्या जागी गेलं.

"तिथं प्राणी चालत नाहीत. हॅमिल्टनला एक बाई आहेत, कासवं सांभाळतात. मुलाचं म्हणणं, त्यांना देऊन टाका. शर्ली मला म्हणाली, माझ्यासाठी त्याला उपाशी ठेवू नकोस. शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर पाठव." काकांनी पडलेली शेवई उचलली. "घर चाललंय, लिंबाचं झाड चाललंय. हाही गेला तर तिचं इथं काय उरलं?"

मग मी बोललेच. "काका, स्पष्ट सांगू? तो कोकणस्थ नाही. त्याला गांडुळं घाला."

काका चिमटा उचलून धुवायला गेले. मला वाटलं दुखावले. आई गेल्यावर ज्या माणसानं तिचं सोवळं-ओवळं सोडलं पण तिचं स्वयंपाकघर बाटू दिलं नाही, त्याला मी काय सांगत होते? रात्रभर मला चुटपुट लागून राहिली.

सकाळी पाऊस पडून गेला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर काका अंगणात उकिडवे. माकडटोपी, हातात सांडशी, समोर उकरलेला वाफा. एक गांडूळ सांडशीत धरलं, सुटलं. पुन्हा धरलं. डोळे मिटले, ओठ हलले. मग उठून तुरुतुरु घरात.

थोड्या वेळानं आमची बेल वाजली. दारात काका, केस ओले, नुकतीच अंघोळ केलेली.

"घेतलं," म्हणाले.

"काय घेतलं?"

"जेवण. दोन! मान अशी लांब केली, आणि गट्ट! मी आधी नळाखाली धुऊन दिलं होतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "मी त्या गांडुळाची माफी मागितली. मूर्खपणा आहे, पण मागितली."

मला एवढं भरून आलं की मी ओरडून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी काकांच्या हातावर साखर ठेवली. तेव्हापासून काका रोज सकाळी वाफ्यात असतात. "मी शाकाहारीच आहे," असं वर बजावतात. "मी फक्त आचारी."

रविवारी काकांनी मला चहाला बोलावलं. गेले तर पायऱ्यांवर प्लायवुडचा उतार टाकलेला. "आता हे काय? ट्रेव्हरराव पायी फिरायला निघणार का?" मी विचारते आहे तोच फाटकाशी एक टॅक्सी थांबली, मागचं दार उघडलं, आणि व्हीलचेअरमध्ये शर्ली! केवढीशी झाली होती. काकांनी खुर्ची उतारावरून वर घेतली, पॅसेजमधून मागच्या खोलीत नेली, आणि सरळ त्या खाचेत घातली.

खुर्ची अशी बसली की बोटभरही इकडेतिकडे नाही. गुडघे टेबलाखाली गेले, हात बुटक्या फळीवर आला, आणि बरोब्बर हाताशी ती अर्धी कुंडी.

ती खाच मी फुकट गेलेली जागा समजत होते. ट्रेव्हर जेवतही नव्हता, राहणार की जाणार याचा पत्ता नव्हता, तेव्हाच या माणसानं रेस्टहोममध्ये जाऊन तिच्या खुर्चीची मापं घेतली होती.

"हॅलो, म्हाताऱ्या," शर्ली म्हणाली. कुंडीतून आधी नाक आलं, मग लाल डोळे, मग सबंध मान. काकांनी वाटी पुढे केली. तिनं दोन बोटांनी एक गांडूळ उचललं आणि ट्रेव्हरनं तिच्या हातून ते खाल्लं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, लोणचं खाल्ल्यावर यावं तसं. काका खिडकीकडे तोंड करून दिव्याची वायर तपासत राहिले.

"किती छान ऊब आहे इथं," शर्ली म्हणाली आणि स्वेटर काढायला लागली. मग माझ्याकडे वळली. "तुला सांगते, किती हिवाळे मी या माणसाला म्हणतेय, मक, हीटर लाव. ऐकलं नाही. म्हणायचा, एका माणसासाठी काय घर तापवायचं, शर्ली?"

मी काकांकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या घरात कुडकुडत बसले, आकड्याची टिंगल केली, आणि हे साधं उत्तर मला कधी सुचलं नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

काका अवघडले. खिशातून थर्मामीटर काढून उगाच बघितल्यासारखं केलं.

"आकडा काय म्हणतो, मक?" शर्लीनं विचारलं.

"चोवीस." मग ते जरा पुटपुटल्यासारखं माझ्याशी मराठीत म्हणाले, "आता तिघं आहोत ना आम्ही. दर रविवारी."

आणि त्यांनी माकडटोपी काढून खुंटीला लावली. इतक्या वर्षांत, त्या घरात, भर जुलैमध्ये काकांचं टक्कल मी पहिल्यांदाच बघत होते. मग मीही कोट काढला आणि चहा टाकायला उठले.