गणू मिस्त्रीचा लांबचा चढ

गणू मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी तिचा वास घ्यायचा. मडगार्डापाशी उकिडवा बसून, डोळे मिटून, बाजारात सुरमई हुंगावी तसा. मालक काही सांगू लागला की हातानंच थांबवायचा. "इंजिन खोटं बोलत नाय. मालक बोलतो."

तो मूळचा बुरोंडीचा. वीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढून रत्नागिरीत आला आणि माळनाक्याजवळ माडाच्या झापांच्या शेडीत मोटारी दुरुस्त करू लागला. तेव्हा गावात मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी माझी. मी नुकताच दवाखाना टाकला होता आणि खेड्यांतल्या रोग्यांकडं जायला म्हणून एका निवृत्त अंमलदाराची जुनी मोटार घेतली होती.

त्या उन्हाळ्यात तिला दुखणं लागलं. सपाटीवर बरी धावायची. चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. एकदा तर आंब्यांची बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. गाडीवानानं अगदी आपुलकीनं विचारलं, "डाक्तर, दोरी बांधू काय?" त्याच फेरीत विंचू चावलेल्या एका बाईकडं मी दोन तास उशिरा पोचलो. ती वाचली, पण तिच्या नवऱ्याची नजर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मिस्त्रीनं वास घेतला. "चामडं जळतंय." मग मला आत बसवलं, हातब्रेक ओढायला लावला, वरचा गिअर टाकायला लावला आणि म्हणाला, "आता क्लचवरचा पाय काढा. दमानं. इंजिन बंद पडायला हवं."

इंजिन मजेत फिरत राहिलं.

"बघा. क्लच घसरतोय. इंजिन फिरतंय, पण चाकांना सांगणार कोण?"

क्लचवरचं चामडं तेलानं माखलं होतं. त्यानं ते रॉकेलनं धुतलं आणि वर मुलतानी माती चोळली.

"अरे, ही तर बायका तोंडाला लावतात," मी म्हणालो.

"तेल दोन्हीकडचं शोषते."

दोन दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. आता नवं चामडं. चांभाराकडची तीन कातडी त्यानं नखानं टोचून नापसंत केली, चौथं घेतलं. ते भिजवलं, ताणलं, तांब्याच्या रिबिटांनी ठोकलं आणि प्रत्येक रिबिटावरून अंगठा फिरवला. एकाचं डोकं किंचित वर राहिलं होतं. तेवढ्यासाठी सगळं उपटून पुन्हा ठोकलं.

"माळनाक्याच्या चढावर बघू या," मी म्हटलं.

"तो चढ नाय. पाली गावाकडचा."

वाटेत तीन चढ लागले. गाडी ते तिन्ही तक्रार न करता चढली. "बरा झाला की क्लच," मी प्रत्येक वेळी म्हणे. "दमानं, डाक्तर," तो म्हणे.

शेवटी रस्त्याकडेच्या एका घरासमोर त्यानं मला थांबायला सांगितलं आणि भोंगा दोनदा दाबला. पडवीत एक तरुण बाई आली. कडेवर वर्षाचं मूल. तिनं मुलाला फक्त दोन्ही हातांनी उंच धरलं. मिस्त्री गाडीतूनच बघत राहिला.

"लेक माझी," तो म्हणाला. "लग्नात मानपानावरून मी व्याह्याला चार माणसांत नको ते बोललो. तो म्हणाला, माझ्या दारच्या खळ्यात परत पाय ठेवू नको. त्याचं बरोबर हाय. म्हणून मी पाय खाली ठेवत नाय. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी इथवर आणतो."

मी बॅग घेऊन उतरलो. व्याही खळ्यात सुपाऱ्या सोलत होते.

"मी डॉक्टर. आलोच आहे तर मुलाला तपासतो. जरा उजेडात न्यायला हवं."

"खळ्यात उजेड कमी हाय काय?"

"रस्त्यावर जास्त आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. बराच वेळ पाहिलं. "तपासा," म्हणाले, आणि पुन्हा सुपारी सोलू लागले.

मी मुलाला घेऊन गाडीपाशी आलो. मिस्त्रीनं आपले काळे हात पाहिले, चटकन पाठीमागं नेले आणि फक्त मान बाहेर काढली. मुलानं त्याची मिशी मुठीत धरली. घट्ट. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मूठ सोडवायला त्यानं हात पुढं केला नाही. तसाच वाकून राहिला.

मीही घाई केली नाही. घसा, कान, पोट, सगळं सावकाश तपासलं. मग पुन्हा एकदा तपासलं.