खुर्ची आत, दार उघडं

आधी धप्प असा आवाज आला. मग प्लास्टिकचा मग फरशीवर गडगडत गेला. मी धावत बाथरूमच्या दाराशी पोचतो तोच आतून बायकोचा आवाज आला, "आत येऊ नका!"

याला बरीच वर्षं झाली, पण तो मग अजून माझ्या कानात गडगडतो. गुडघा दुखावलेला, पण हिला काळजी दाराची. कसेबसे कपडे करूनच तिनं कडी काढली. तोवर मी पॅसेजमध्ये अशा येरझाऱ्या घातल्या की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले.

त्या दिवसापासून अंघोळीच्या वेळी सूनबाई सोबत आत जाऊ लागली. सून गुणाची आहे. पण ही बाहेर यायची ती मान खाली घालून. एकदा हळूच मला म्हणाली, "अहो, मला माझी माझी अंघोळ करायची आहे. दार लावून." बाकी काही नाही.

मी ठरवलं, हिला बसून अंघोळ करता येईल अशी खुर्ची करून घ्यायची. सरळ मिस्त्रीला बोलावलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मी आधी मुलाला विचारलं. (मला विचारल्याशिवाय काही करवत नाही. मुलगी पसंत आहे म्हणून सांगू का, हे मी हिला बघायला गेलो तेव्हा मुलीलाच विचारलं होतं.)

मुलगा नुकताच ऑफिसचं कसलं तरी ट्रेनिंग घेऊन आला होता. म्हणाला, "बाबा, वस्तू घडवायची तर आपल्या डोक्यानं विचार करायचाच नाही. दुसऱ्याच्या डोक्यानं करायचा."

मला पटलं. माझ्या डोक्याबद्दल माझंही तेच मत आहे.

त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. मला निघाली 'आई'. हिला 'मिस्त्री'. सुनेला 'धोका' आणि मुलाला 'नवी कल्पना'. ज्यानं त्यानं आपापल्या चिठ्ठीपुरतंच बोलायचं.

"हं, आई, बोला," मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला.

मी घसा खाकरला. इतकी वर्षं संसार केला, हिच्या मनातलं मला नाही तर कुणाला कळणार? "मला टेकायला पाठ हवी," मी म्हणालो. "हात ठेवायला दांडे हवेत. साबणाला कप्पा हवा."

"अहो, मी कधी म्हटलं?" ही म्हणाली. "मला फक्त..."

"आई, तू आत्ता आई नाहीस. तू मिस्त्री आहेस."

"बरं. मग मिस्त्री म्हणून सांगते, एवढं धूड त्या खुराड्यात बसायचं नाही."

"हा धोका झाला. तो हिच्याकडे आहे," मुलानं सुनेकडे बोट दाखवलं.

सून म्हणाली, "आईंचा तोल पुढे गेला तर? पट्टा पाहिजे."

"चाकं लावू," मुलगा म्हणाला.

"चाकं घसरली तर?"

"ब्रेक लावू."

खुर्ची मिस्त्रीकडे करायला टाकली, तरी मला चैनच पडेना. जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं. मी चप्पल घालून मिस्त्रीकडे पळायचो. मान टेकायला उशी हवी. पाय ठेवायला फळी हवी. शेवटी मिस्त्री म्हणाला, "काका, काकूंना अंघोळ करायची आहे की लांबच्या प्रवासाला जायचंय?"

मिस्त्री खुर्ची घेऊन आला. ढकलून, तिरकी करून, दोन्ही बाजूंचं रंगकाम खरवडत आतही गेली. मी टाळी वाजवली. हिनं दार लोटलं. ते खुर्चीच्या दांड्याला अडलं. पुन्हा लोटलं. पुन्हा अडलं.

मुलानं वाकून दार आणि दांडा बघितला.

मग मुलगा म्हणाला, "अडचण खुर्चीची नाही, दाराची आहे. दार काढू, पडदा लावू."

"बरंच होईल," सून म्हणाली. "आईंनी हाक मारली तर लगेच ऐकू येईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण 'आई' अजून मीच होतो.

"मला चालेल," मी म्हणालो.

हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच उशीवरची धूळ झटकली.

खुर्ची पॅसेजमध्ये काढली. मुलगा आणि सून पडद्याचं कापड आणायला निघाली. मिस्त्रीनं स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि वरच्या बिजागरीचा स्क्रू काढायला त्यावर चढला. हिचा चेहरा पार उतरला होता. तिला बरं वाटावं म्हणून मीच खुर्चीत बसलो. जाता जाता सुनेनं पट्टाही लावून दाखवला. चुकून सुटायला नको म्हणून त्याचं बक्कल तिनं पाठीमागे घ्यायला लावलं होतं.

"बघ तरी," मी म्हणालो. "कसं राजासारखं वाटतंय."

ही मिस्त्रीजवळ गेली. "स्क्रू काढला का?"

"नाही काकू, गंजलाय. जोर लावतोय."

"राहू द्या. जरा खाली उतरा."

तो उतरला, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत हत्यारं पिशवीत भरून जिना उतरूनही गेला. हिनं स्टूल हलवून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसलं, खांद्यावर टॉवेल टाकला.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "थांब, थांब, स्टूल मी आत नेऊन ठेवतो!" म्हणत मी ताडकन उठलो. म्हणजे मी उठलो, पण पट्टा उठला नाही. मी हात मागे घातला. हात बक्कलापर्यंत पोचेना.

"अगं," मी म्हणालो, "आधी मला तेवढं मोकळं कर."

तिनं मला उशीपासून पायाखालच्या फळीपर्यंत एकदा नीट पाहिलं, स्टूल उचललं, आणि आत जाऊन कडी लावून घेतली.