पाट्याचा बोल्ट आणि बाबूमिया

दिग्रसचा बाबूमिया मिस्त्री कोणताही बोल्ट खोलायच्या आधी तो कसतो. म्हणजे तुम्ही गाडी घेऊन गेलात, म्हटलं हा बोल्ट खोलून दे, तर हा माणूस पान्यावर जोर लावणार तो उलटाच. बोल्ट आणखी घट्ट. बघणाऱ्याच्या जिवाचं पाणी होतं. कोणी ओरडलंच तर बाबूमिया गाडीखालून मुंडकं बाहेर काढतो अन् म्हणतो, "अबे, आधी त्याच्या मनासारखं होऊ दे ना. मंग तो तुझ्या मनासारखं करंन."

हे मला कधीच समजलं नाही. मी चवथी शिकलेला. जन्मभर जीप चालवली, दिग्रस, दारव्हा, बोरी अरब, सीटं भरून. गाडी चालवता येते, गाडीच्या पोटातलं कळत नाही. बाबूमियाच्या पोटातलं तर त्याहून कळत नाही.

तो बोल्टाशी बोलतो. चांगल्या बोल्टाशी नाही, गंजलेल्याशीच. त्याला घासलेट पाजतो, तापवतो, तापल्यावर मेणबत्ती टेकवतो. मेण पाझरून आत शिरतं. मग बारीक हातोडीनं टिचक्या मारत विचारपूस सुरू. "काय झालं राजा? कोणी दुखवलं तुले?" एकदा जिनिंगवाला एक सेठ ट्रक घेऊन आला होता. म्हणाला, "मिस्त्री, छन्नी लाव अन् तोडून टाक, मले घाई आहे." बाबूमियानं हातोडी खाली ठेवली. "सेठ, दाढ दुखली तर मुंडकं कापता का?" अन् चहा पीत बसला. उठायलाच तयार नाही. शेवटी सेठ ट्रकखाली वाकून बोल्टाला सॉरी म्हणाला. मी समोर होतो. हसावं की सेठला धरून उठवावं, कळेना.

निघालेला बोल्ट तो भंगारात देत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यांत ठेवतो. "इतकी सालं पकडून बसला बिचारा. त्याले किलोवर काय विकू?"

मधली वर्षं कापसानं मारलेली. अर्धी जिनिंग बंद, ट्रक उभे, बाबूमियाच्या टिनाच्या दुकानापुढं कुत्री झोपलेली. बाजारालाच कोणी येईना तर माझ्या जीपमध्ये कोण बसणार? त्यातच माझी बायको गेली. सुमन. ताप आला अन् गेली, एवढंच झालं. जास्त काही सांगण्यासारखं नाही. जीपचा मागचा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, आधीच तुटलेला, जीप पावसाळाभर दारात उभी राहिली अन् पाट्याचा बोल्ट गंजून बसला.

पोरगी नागपूरला असते. फोनवर म्हणाली, "बाबा, घराला कुलूप लावा अन् जीप घेऊन कायमचे इकडं या." मी म्हटलं, येतो. घर बंद करायचं ठरवून टाकलं. ट्रॅक्टरनं जीप ओढत बाबूमियाकडं नेली. म्हटलं, "बोल्ट काढ, पाटा बदल, मले जाऊ दे."

"कुठी?"

"नागपूरले. कायमचा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बोल्टाकडं पाहिलं. जीपखाली घुसला अन् आधी बोल्ट कसला.

मग रोजचं एकच. सकाळी मी जायचो, बाबूमिया जीपखाली. बाहेर नुसते पाय दिसायचे. ठकठक, ठकठक. "झालं का?" म्हटलं की आतून आवाज, "आज हवा ओली आहे." दुसऱ्या दिवशी, "आज गरमी लई आहे." एक दिवस म्हणाला, "आज त्याची तबियत बरी नाही." मी म्हटलं, "कोणाची बे?" "बोल्टाची." मी चक्रावून जायचो. लोखंडाला तब्येत असते का? अन् असली, तर माझ्याच बोल्टाची काहून बिघडते?

दुपारी डबा उघडायचा. त्याच्या घरवालीनं, हमीदाबीनं, नेमकी दोघांची भाकर दिलेली. "जास्त झाली तिच्याकडून," म्हणायचा. रोज कशी जास्त होते, हेही मला कळलं नाही. मी खायचो. घरी चूल पेटवायची सवय मला नव्हतीच.

एक दिवस तो डबा घरी विसरला. हमीदाबी स्वतः घेऊन आली. मला पाहून थबकली.

"भाईजान, आप अभी तक गए नहीं? तो वो दूसरी भाकर आपकी थी?"

"कसा जाऊ? बोल्ट निघून नाही राह्यला."

"कौनसा बोल्ट? वो तो इनके कुर्ते की जेब में था. धोने डाला तो बाल्टी में ठन्न से बजा. हफ्ता हो गया उस बात को."

जीपखालची ठकठक बंद झाली.

मी गुडघे टेकून खाली वाकलो. पाटा नवा. बोल्ट नवा, ग्रीस लावलेला. बाबूमिया हातात हातोडी अन् लोखंडाची एक पट्टी घेऊन उताणा पडलेला, चोरी सापडल्यासारखा.

"म्हणजे इतके दिवस तू या पट्टीवर ठोकून राह्यलता?"

"मंग काय, नव्या बोल्टावर ठोकू?"

हमीदाबी डबा ठेवून गुपचूप निघून गेली. मला राग आला होता की नाही, ते मलाच सांगता येईना. तोंडात शिव्या भरल्या होत्या, पण बाहेर एकच शब्द आला. "काहून?"

तो बाहेर आला. चिंधीला हात पुसत राहिला. आधीच काळे हात, काळी चिंधी, काय पुसलं जाणार.

"गणपत, वहिनीले मातीत नेलं तवापासून तू रडला नाही. चहा पेतो, भाकर खातो, बोल्ट निघाला का म्हणून विचारतो. असा माणूस एकटा गाडी घेऊन नागपूरच्या रस्त्याले लागते, हे मले पटलं नाही. मी म्हटलं, थोडा इथं बसला तर बसू दे."

"सांगता नाही आलं तुले?"

"तू आयकला असता?"

नसतो ऐकलं. मी दुकानातल्या बाकड्यावर बसलो. मग मला काय झालं ते लिहिता येत नाही. म्हातारा माणूस भर दुपारी रस्त्यावरच्या दुकानात तसा रडलेला बरा दिसत नाही, एवढं कळत होतं. पण थांबत नव्हतं. बाबूमियानं खांद्यावर हात ठेवला नाही. रस्त्यावरून कोणी पाहू नये म्हणून टिनाचं दार अर्धं ओढून घेतलं अन् पाठ करून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं मी तोंड पुसलं. म्हटलं, "बाबू, दुसऱ्या बाजूचाही पाटा पाहून घे एकदा. तिकडचाही बोल्ट गंजला असंन."

"पाहाच लागंन," तो म्हणाला, अन् लगबगीनं जीपखाली शिरला.

पाना बाहेरच विसरला. मी दिला नाही.