सवडसभेतला निरोप

पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीतले स्टोअरकीपर एकतीस तारखेला सेवानिवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांत त्यांनी एक वॉशरही सहीशिवाय बाहेर जाऊ दिला नव्हता. त्यामुळे त्यांना निरोप द्यायला सगळेच मनापासून उत्सुक होते.

कंपनीच्या शाखा चार शहरांत. सगळ्यांना एका वेळी गाठणे अवघड, म्हणून साहेबांनी ‘सवडसभा’ नावाचे सॉफ्टवेअर घेतले होते. त्यात सभा असते, पण सभेची वेळ नसते. ज्याने त्याने सवडीने दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकायचा आणि इतरांनी तो सवडीने बघायचा. यात वेळ फार वाचतो. वाचलेल्या वेळात उरलेले व्हिडिओ बघायचे.

निरोपाच्या सभेत एकशेबारा जणांनी भाषणे टाकली. स्टोअरकीपरांनी सर्वांचे आभार मानले, आणि तिथेच घोटाळा झाला. आभार हे नवे भाषण धरले गेले. त्यावर एकशेबारा उत्तरे आली. त्यांतल्या एकाहत्तर जणांनी “आभार कसले मानताय?” असे विचारले होते, आणि नियमाप्रमाणे प्रश्नाला उत्तर देणे बंधनकारक होते.

एकतीस तारीख उलटल्यावर ते किल्ल्या घेऊन नेमणुका बघणाऱ्या बाईंकडे गेले.

“काका, तुमच्या नावाची सभा अजून उघडी आहे. ती मिटल्याशिवाय तुम्हाला सोडता येत नाही.”

“मग मिटवा की!”

“मिटवायचा ठराव टाकलाय ना सभेत. बघतील लोक सवडीने.”

त्यांच्या खुर्चीवर नवा स्टोअरकीपर रुजू झाला होता. म्हणून ते गॅस्केटच्या खोक्यावर बसून दिवसभर उत्तरे देऊ लागले. परगावी लेकीला मुलगी झाली. सभेत अभिनंदनाची एकशेबारा भाषणे आली.

“आज तरी सुटलात का?” बायको रोज विचारायची.

“अठ्ठावीस राहिलेत.”

दुसऱ्या दिवशी चाळीस राहिलेले असायचे.

चौथ्या महिन्यात बायको बॅगा घेऊन थेट स्टोअरमध्ये आली.

“नात पालथी पडायला लागली, आणि तुम्ही या खोक्यावरून उठत नाही! आणा तो फोन इकडे.”

तिने कॅमेऱ्यात बघून सांगितले, “मी यांची बायको. यांना न्यायला आलेय. आता जो कुणी बोलेल, त्याच्या घरी येऊन मी बोलेन. सवडीने.”

एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ. चारही शहरांतून हूं की चूं नाही; मिटवायचा ठराव बिनविरोध मंजूर. सवडसभेच्या इतिहासात मिटलेली ही पहिली सभा. नेमणुकांच्या बाईंनी सुटकेच्या कागदावर सही केली. स्टोअरकीपरांना डोळे पुसायलाही वेळ मिळाला नाही, कारण गाडी पाऊण तासावर होती. संध्याकाळी नातीने आजोबांचा चष्मा ओढून काढला, आणि बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी त्यांना उत्तर न मागता भेटले.

त्या एकोणीस सेकंदांचा अभ्यास करायला साहेबांनी समिती नेमली आहे. तिची सभा आठ महिने चालू आहे. मी तिचा सचिव.

तुम्हाला हसू येत असेल. हसा. पण हे वाचायला घेतल्यापासून तुमच्या फोनवरचा लाल आकडा कितीवर गेला, ते एकदा बघा. आणि नुसता अंगठा दाखवून सुटाल असे समजू नका. आमच्याकडे अंगठ्यालाही उत्तर येते.