नानांची तिसरी हाक

आमच्या सुपडूनानांबरोबर रानात सायकल चालवायची तर दम छातीत नाही, गळ्यात हवा. दर दोन मिनिटांनी ते पुढून ओरडतात, "शेस का?" म्हणजे आहेस का, आणि मागून आपण ओरडायचं, "शे!" चढ असो, उतार असो, तोंडात चिलट गेलेलं असो, ओ द्यायचीच. ओ आली नाही तर आणखी दोन हाका मारतात, आणि तिसरीही रिकामी गेली की सायकल वळवून मागं येतात.

नाना म्हणजे जळगावात माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त लाइनमन, काकू वारल्यापासून घरात एकटेच. जन्म गेला विजेच्या खांबांवर. खांबावरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना सारखं विचारत राहतात, तशी त्यांच्या कामाची रीतच. आवाज थांबला की काहीतरी बिनसलं. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, नानांनी जाड टायरची गिअरवाली सायकल घेतली आणि कामावरचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं. हँडलला पक्कड आणि रबरी हातमोजे लटकवले. शहराभोवती गुराढोरांनी पाडलेली एकही पायवाट त्यांनी सोडली नाही, आणि मीही सुटलो नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, बायकोनं ते नानांच्या कानावर घातलं, आणि माझे रविवार गेले.

मी भित्रा माणूस आहे, हे लपवून काय करू? एक चाक जेमतेम मावेल एवढी वाट, दोन्हीकडून बोराटीचे काटे, खाली घसरडा मुरूम. त्यात बिबट्याच्या गोष्टी. पण नाना बिबट्याला भीत नाहीत, तारेला भितात. रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून कुणीकुणी लाइनीवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतं. म्हणून नाना दिसेल त्या तारेला आधी हाताची मागची बाजू लावतात. "पहिले उलटा हात, मास्तर. सरळ हातनी मूठ वळी जास, मंग तार सुटत नही." ती सवय इतकी हाडात मुरलेली की दाराच्या कडीला, नळाला, चहाच्या पेल्यालासुद्धा आधी उलटा हात. आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बायकोला वाटलं, पेला खरकटा आहे की काय.

एकदा मी गंमत केली. लांडोरखोरीच्या वाटेवर बोरं खात बसलो आणि तीन हाकांना ओ दिलीच नाही. नाना परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मस्करी कराले बी जागा ऱ्हास, मास्तर," एवढंच बोलले आणि सायकल घराकडे वळवली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आणि मग गेल्या हिवाळ्यातला तो रविवार. एरंडोलकडून पद्मालयाच्या जंगलात शिरलो. सकाळचे नऊ वाजले असतील. नाना पुढे, मी मागे. सागाच्या वळणाशी हाक आली, मी ओ दिली. पुढं एक ओढा लागला. तो ओलांडला आणि ध्यानात आलं, बराच वेळ झाला, हाक आलेली नाही.

आयुष्यात मला कशाचं इतकं भ्या वाटलं नव्हतं. जिच्या नावानं मी इतके दिवस कटकट करत होतो, ती हाक यावी म्हणून मी कान टवकारले. काही नाही, नुसते होले घुमत होते. सायकल तिथंच टाकून मी धावलो. झाडी संपून कपाशीचं शेत लागलं, तिथं पायवाटेवर नानांची सायकल आडवी पडलेली. शेजारी पिवळं हेल्मेट. आणि त्यापलीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खुंट्यांना बांधलेली बारीक तार.

तारेजवळ जायचं धाडस नाही आणि मागं फिरायचं मन नाही. मी जागेवरूनच ओरडलो, "नाना!" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. काही नाही. मग मात्र अहो-जाहो गेलं खड्ड्यात, रडक्या आवाजात मी बोंब मारली, "नाना, शेस का?"

"शे."

आवाज अगदी जवळून, बांधाच्या पलीकडून आला. बघतो तर नाना हिवराच्या बुंध्याला टेकून बसलेले, घोटा सुजून टम्म, मांडीवर पक्कड. तार दिसल्यावर आकडा शोधत ते बांधानं गेले होते. हातमोजे घालून आकडा उतरवला आणि येताना बांधावरून पडले. मी येऊन तारेत घुसू नये म्हणून सायकल आधीच वाटेत आडवी घातली होती. हेल्मेट जमिनीवर म्हणजे पुढं यायचं नाही, ही त्यांची कामावरची खूण. ती मला कोणी सांगितली होती?

"माझी पहिली हाक ऐकू आली नाही का?"

"आयकी ना."

"मग ओ का दिली नाही? माझा जीव गेला असता इथं! त्या दिवशी मला मस्करीची जागा शिकवत होतात ना?" वय बघितलं नसतं तर एक ठेवून दिली असती.

नाना घोट्याकडे बघत राहिले. "चुकनं मन्हं, मास्तर," म्हणाले. "पन तुन्ही काकू गयी तथून माले कोनी इचारं नही. मीच बठ्ठासले, सगळ्यासले इचारस. पहिलीलेच ओ दिन्ही असती, ते तू थांबी जाता, पुढली हाकच नही."

त्यांना खांद्याचा आधार दिला आणि दोन्ही सायकली रानातच ठेवून आम्ही लंगडत निघालो. वाटभर ते मला तारेच्या गाठी कशा चुकीच्या मारल्या होत्या ते सांगत होते.

आता रोज सकाळी दूध आणायला निघालो की मी मधल्या भिंतीशी थांबून हाक मारतो. पहिल्या हाकेला नाना ओ देत नाहीत. दुसरीलाही देत नाहीत. आत कपबशी वाजलेली मला स्पष्ट ऐकू येते. मी पिशवी खाली ठेवतो आणि तिसरी हाक मारतो.