कुजबुज पुरेशी मोठी नसल्याबाबत

ताईच्या गाण्याची शेवटची ओळ ऐकू येत नाही, असं कंपनीचं पत्र सोमवारी आलं. ओळ ऐकू येत होती. ती कुजबुजत म्हटलेली होती, एवढाच तिचा गुन्हा.

गाणं बाजारात जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवणं, कुठे आवाज उचलणं, कुठे दाबणं, हे माझं काम. त्याला मास्टरिंग म्हणतात. ताई माझी सख्खी मोठी बहीण. पुढच्या महिन्यात तिच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर गाता येईलच, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. म्हणून हे गाणं. सुरुवातीला ती जेमतेम गुणगुणते, मध्ये मोकळ्या गळ्याने गाते आणि शेवटी गेलेल्या आईला एक ओळ कानात सांगावी तशी सांगते.

"बाकी काय हवं ते कर, पण तेवढी ओळ सांभाळ रे," ती म्हणाली होती. मी हो म्हणालो होतो.

कंपनीच्या आवाज-पातळी विभागाचे साहेब सभ्य होते. त्यांनी पडद्यावर गाण्यातल्या आवाजाचा आलेख दाखवला.

"इथे बारीक, इथे जाड, इथे परत बारीक. एवढी जागा रिकामी का?"

"तिथे ती हळू गाते."

"मग जागा वायाच गेली ना?"

शांतता ठेवायची असल्यास कारणासह अर्ज करावा, असा नियम होता. मी केला. कारणाच्या रकान्यात 'श्वास' लिहिलं. अर्ज शेऱ्यासह परत आला : श्वास ही कलाकाराची खासगी बाब असून ती रेकॉर्डिंगपूर्वी उरकून घ्यावी.

मी श्वास काढले. मग गुणगुणणं उचललं. त्यापुढे मोकळा गळा फिका वाटू लागला, म्हणून तोही उचलला. वर जागा उरली नव्हती, तेव्हा त्याचे शेंडे छाटले. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीचं गाणं आमच्याहून मोठं निघालं, म्हणून साहेबांनी सगळंच एक टप्पा चढवलं. कान दुखतात म्हणून लोक आवाज कमी करून ऐकतात, असं पाहणीत आढळलं. ती घट भरून काढण्यासाठी आणखी एक टप्पा. आलेख साबणाच्या नव्या वडीसारखा सपाट झाला.

"आता कसं भरल्यासारखं वाटतं," साहेब म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणालो, "आधीचं आणि आताचं, दोन्ही लोकांना ऐकवा. पण सारख्या आवाजात. मोठं वाजतं ते माणसाला चांगलंच वाटतं, कानाला तशी खोडच आहे."

साहेबांनी नियमावली चाळली. "सारख्या आवाजात ऐकवलं, तर मोठ्या आवाजाच्या गाण्यावर अन्याय होईल."

चाचणी झाली. दहाच्या दहा श्रोत्यांनी मोठं गाणं निवडलं. एकाने खाली लिहिलं, 'पहिलं लागलंच नव्हतं.'

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईला हेडफोन दिले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"आवाज छान लागलाय रे," ती म्हणाली. "फक्त शेवटी मी आईवर ओरडतेय का?"

मी साहेबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. अखेर सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मूळ प्रतही श्रोत्यांसाठी खुली करण्यात आली. कोणी किती वेळ ऐकलं, याची नावानिशी यादी महिनाभराने माझ्याकडे आली.

ताई आता कुजबुजतच बोलते. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"त्या ओळीपर्यंत किती जण पोचले रे?"

मी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तुमचंही नाव होतं. नावापुढे सहा सेकंद.

"पुष्कळ," मी तिला मोठ्याने सांगितलं.