सर्व्हर केवढा घ्यायचा

आर्लन नायगार्डने निवडलेल्या सर्व्हरचे चित्र पाहून मॅनेजर व्हर्लिनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तेच चित्र परत पाहिले.

"एवढाच?"

"एवढाच."

"अरे, माझ्या घरचा टोस्टर याच्याहून मोठा आहे."

"तुझ्या घरी खाणारी माणसं आहेत," आर्लन म्हणाला.

व्हर्लिनने चित्र उलटे करून ठेवले. आर्लनची बायको मर्ना गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर वारली होती, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलताना सगळ्यांचीच अशी पंचाईत होई.

उत्तर मिनेसोटातल्या टॅमरॅक लेक वीज सहकारी संस्थेत तक्रारींसाठी नवे सॉफ्टवेअर येणार होते. प्रिंटर अडला, हीटर थंड पडला, रजा हवी, कपाटाची किल्ली हरवली, सगळे एकाच ठिकाणी नोंदवायचे. आजवर हे तळघरात बसणाऱ्या आर्लनला फोन करून भागत असे. आता ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर चालवायचे हेही त्यालाच ठरवायचे होते. प्रोसेसर केवढा, मेमरी किती, डिस्क किती, हे सगळे शेवटी एका गोष्टीवर अवलंबून होते: दिवसाला तक्रारी येतात किती?

"फारशा येत नाहीत," आर्लन म्हणाला.

"फारशा नाहीत? जेव्हा बघावं तेव्हा तू कुणाच्या तरी टेबलाखाली असतोस!"

मग सॉफ्टवेअर कंपनीनेच सुचवले की दोन आठवडे चाचणी घ्या, तक्रारी मोजा आणि मग यंत्र घ्या. मोजायला न्यू जर्सीहून रोझॅन नावाची इंजिनिअर आली. ती मोठ्याने बोलायची. हिशेब विभागातल्या मार्व्हिसबाईंनी पहिल्या दिवशी तिला लिंबाची वडी देऊ केली, तेव्हा ती पटकन म्हणाली, "हो, दोन द्या." तीनदा नको म्हटल्याशिवाय घेणारे माणूस मार्व्हिसबाईंनी प्रथमच पाहिले. त्या डबा पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या.

चाचणी सुरू झाली आणि तक्रारींचा पूर आला. पूर्वी फोन असल्यामुळे कोणी काय तक्रार केली ते दुसऱ्याला कळत नसे. आता सगळ्यांना सगळे दिसू लागले. गॅरेजमधल्या डुएनने बाराला संगणकाचा पडदा काळा झाल्याचे नोंदवले, की मार्व्हिसबाईंचा प्रिंटर साडेअकरालाच बंद पडे. ते पाहून डुएनचा पडदा दुसऱ्या दिवशी अकरालाच काळा होई. स्वागतकक्षातला माउस, भांडारातला कीबोर्ड, सगळेच हळूहळू दुखणेकरी झाले. आर्लन एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पळत राहिला आणि तरीही त्याची पँट कमरेत घट्ट होत गेली.

"यात एक गंमत आहे," रोझॅन व्हर्लिनला म्हणाली. "तुमची सगळी यंत्रं जेवणाच्या वेळेला बिघडतात."

"त्या वेळी सगळे मायक्रोवेव्ह लावतात. दाब कमी होत असेल."

शेजारी उभा असलेला डुएन लाल झाला. तो तारांवर चढणारा जुना माणूस होता. "ए, आपल्या विजेला नावं ठेवायची नाहीत हं!"

शेवटी रोझॅनने आकडा काढला. एवढ्या तक्रारींसाठी दोन मोठे सर्व्हर, एक राखीव आणि त्यांच्यासाठी थंड हवेची वेगळी खोली लागणार होती. व्हर्लिनने कॅलेंडर पुढे ओढले.

"गुरुवारी संचालक मंडळाची सभा आहे. ते हा खर्च बघणार आणि म्हणणार, मिनीॲपोलिसच्या कंपनीला काम देऊन टाका, ते फोनवरून सांभाळतील. मग तळघर बंद. आर्लन, तूच सांग, मी त्यांना काय सांगू?"

"लहान सर्व्हर पुरेल म्हणून सांग."

"का पुरेल? काही कारण?"

त्या तळघरावर आर्लनचे सारे दिवस निभत होते. रिकाम्या घरी परतायची त्याला कधीच घाई नसे. तरीही त्याने कारण सांगितले नाही.

बोलली ती रोझॅन. "चला आर्लन, मला बघायचंय नक्की काय बिघडतंय ते. एवढा आकडा मी फक्त मोठ्या इस्पितळात पाहिलाय."

दोघे मार्व्हिसबाईंकडे गेले. प्रिंटरची वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवली होती. आर्लनने ती खोचली. प्रिंटर सुरू झाला.

"बाई गं, काय हे हात तुझे!" मार्व्हिसबाई म्हणाल्या. "आता आलाच आहेस तर थोडं हॉटडिश घे. खूप उरलंय."

टेबलावरच्या काचेच्या भांड्यातून वाफ येत होती. खिमा, घेवडा आणि वर खरपूस बटाट्याचा थर होता. त्याला अजून कुणी चमचाही लावला नव्हता.

"नको नको, माझं झालंय," आर्लन म्हणाला.

"अरे, फेकूनच द्यावं लागेल."

"उगीच त्रास तुम्हाला."

"त्रास कसला मेला!"

"बरं, अगदी चमचाभर," असे म्हणून आर्लनने ताटभर घेतले.

गॅरेजात डुएनच्या पडद्याचा उजेड कुणीतरी शून्यावर आणला होता. शेजारी वाटाण्याचे सूप होते. तेही उरलेलेच होते आणि तेही उकळत होते. मार्व्हिसबाई मागोमाग तिथे पोचल्या होत्या, कारण डुएनने आज नंबर कसा लावला हे त्यांना बघायचे होते.

रोझॅनने सूप पाहिले, पडदा पाहिला, दोघांची तोंडे पाहिली आणि खड्या आवाजात विचारले, "अहो, याला सरळ जेवायला का बोलावत नाही तुम्ही?"

चर्चमध्ये कुणी शिवी दिली असती तरी लोक इतके ओशाळले नसते.

"असं कसं सरळ..." डुएन पाना पुसत म्हणाला. "माणसाला अवघडल्यासारखं होतं."

"तो डबा आणत नव्हता हो," मार्व्हिसबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. "मर्ना गेल्यापासून. दुपारभर नुसता बसून असायचा खाली."

आर्लन सुपात चमचा फिरवत राहिला.

परत येताना जिन्यात रोझॅनने त्याला थांबवले. "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या हिवाळ्यातच. हे सुरू झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मुली, वायर आपणहून गुंडाळून बसत नाही."

"म्हणून लहान सर्व्हर!"

"खऱ्या तक्रारींना तेवढा पुरतो. पण ते सांगायचं तर यांची नावं सांगावी लागली असती. त्या दिवसांत मला यांनी उठवून चालतं ठेवलं. आणि आता मी यांच्यावर खोटेपणाचा ठपका ठेवू?"

रोझॅनने अहवालात लिहिले की अकरा ते एकच्या तक्रारी चाचणीतल्या दोषामुळे आल्या होत्या, त्या धरू नयेत. दोष तिने आपल्या अंगावर घेतला आणि न्यू जर्सीला गेली. जाताना मार्व्हिसबाईंनी तिला वड्यांचा डबा दिला. ती तीनदा नको म्हणाली आणि मग तिने तो घेतला.

मंडळाने लहान सर्व्हर मंजूर केला. तळघर वाचले. पण गुपित फुटल्यामुळे मंडळी शरमली. प्रिंटर धडधाकट झाले, पडदे लख्ख झाले. दुपारी तळघरातला फोन वाजेना. आर्लनला जेवायला बोलवायचे कसे हे कुणाला कळेना, कारण मोडायला आता काही उरलेच नव्हते.

असे काही दिवस गेले. मग नव्या सर्व्हरवर एक तक्रार आली. नोंदवणारा होता आर्लन नायगार्ड. "सर्व्हरमधून विचित्र आवाज येतो. सर्व विभागांनी तळघरात येऊन ऐकावा. वेळ दुपारी बारा. रिकाम्या पोटी ऐकल्यास जास्त स्पष्ट येतो."

बाराला तळघर भरले. कामाच्या बाकावर आर्लनने स्वतः केलेले हॉटडिश होते. एका बाजूने करपलेले, दुसऱ्या बाजूने जरा कच्चे. सगळ्यांनी तीनदा नको म्हटले आणि मग ताटे भरली. डुएनने खाली वाकून सर्व्हरला कान लावला.

"येतोय का?" मार्व्हिसबाईंनी विचारले.

"येतोय. बारीक आहे, पण येतोय."

"मलाही आला," करपलेला तुकडा चावत मार्व्हिसबाई म्हणाल्या.

तेवढ्यात व्हर्लिन ॲपल पाय घेऊन जिना उतरला. बसायला जागा नाही हे पाहून तो दारातच थांबला. "सर्व्हर लहान घेतलास ते बरं केलंस, आर्लन," तो म्हणाला. "टेबल मात्र मोठं घ्यावं लागणार."

"घाई नको," डुएन घास गिळून म्हणाला. "एका दिवसात सुटणारा बिघाड नाही हा. उद्या पुन्हा ऐकावा लागेल."

आर्लनने तक्रार उघडीच ठेवली.